चाऊ एन-लाय नेमकं कशाबद्दल बोलले होते?

फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल विचारल्यावर चिनी पंतप्रधान चाऊ एन-लाय १९७२ साली म्हणाले, "इतक्यात काही सांगता येणार नाही." चिनी मुत्सद्दी शतकांचा हिशेब मांडतात, याचा दाखला म्हणून हा किस्सा अजून फिरतो. किस्सा झकास, अर्थ मात्र चुकीचा. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या चीन दौऱ्यातले दुभाषे चास फ्रीमन यांनी २०११ मध्ये खुलासा केला: विषय १७८९ च्या राज्यक्रांतीचा नव्हताच, १९६८ च्या पॅरिसमधल्या उठावाचा होता. चार वर्षांपूर्वीच्या घटनेवर कुणीही हेच म्हणेल!

आणि तेव्हाचं चिनी धोरण तरी कुठे शतकांचं होतं? मार्च १९६९ मध्ये चीन-सोव्हिएत सीमेवरच्या उसुरी नदीतल्या बेटावर सोव्हिएत सैन्याशी रक्तरंजित चकमकी झडल्या. उत्तरेची धास्ती बसली, म्हणूनच कालपर्यंतच्या ‘साम्राज्यवादी’ अमेरिकेला पायघड्या घातल्या गेल्या.