सहदेवी आणि भांबुर्डा: खानदेशातील एका जुन्या गल्लतीची पार्श्वभूमी

कपाशी निघाल्यावर तापी आणि गिरणेच्या काठची जी वावरे पडीक राहतात, त्यांच्या बांधांवर हिवाळ्यात जांभळट-गुलाबी, सेंटिमीटरभरही नसलेल्या फुलांची रोपे दिसतात. त्यांतली काही सहदेवीची असतात आणि काही ब्लूमिया प्रजातीतील (येथे प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) एखाद्या जातीची, बहुधा ब्लूमिया अ‍ॅक्झिलारिसची. पिवळ्या फुलांचा भांबुर्डा, म्हणजे ब्लूमिया लॅसेरा, हा या जातीचा सख्खा भाऊबंद. सहदेवी मात्र त्यांच्यापासून पुष्कळ दूरची आहे, आणि तरीही वनस्पतिशास्त्राने या तिघींना बराच काळ एकाच प्रजातीत ठेवले होते.

या गोंधळाचे मूळ सूर्यफूल कुलाच्या रचनेत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म पुष्पकांचा स्तबक असतो. जी पाकळी वाटते ती अनेकदा एक स्वतंत्र किरणपुष्पक असते आणि मधली टिकली बिंबपुष्पकांची बनलेली असते. सहदेवीत आणि ब्लूमियात डोळ्यांत भरतील अशी किरणपुष्पकेच नसल्यामुळे नुसत्या डोळ्यांना रंग, केसाळपणा आणि पानांचा आकार एवढेच हाती लागते, आणि या कुलात हीच लक्षणे सर्वांत कमी भरवशाची आहेत. लिनीअसने १७५३ साली सहदेवीला कोनायझा सिनेरिया असे नाव दिले. भांबुर्ड्याला १७६८ साली बर्मनने कोनायझा लॅसेरा म्हटले, तर १७८६ साली लामार्कने तिसऱ्या, म्हणजे जांभळट फुलांच्या ब्लूमियाच्या, जातीलाही कोनायझाच्याच खात्यावर जमा केले. कोनायझा ही त्या काळी बारीक, किरणहीन स्तबकांच्या वनस्पतींची अडगळीची खोली झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

ती खोली आवरण्याचे खरे श्रेय पॅरिसच्या आंरी कासिनी यांना द्यावे लागते. खगोलशास्त्रज्ञांच्या घराण्यात जन्मलेला आणि पेशाने न्यायाधीश असलेला हा माणूस १८१२ पासून या एकाच कुलाच्या मागे लागला. पुष्पकाच्या आतील कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, कसा दुभंगतो, त्याच्या शाखांवरचे केस कुठपर्यंत येतात, परागकोशांच्या (परागकणांच्या पिशव्यांच्या) तळाशी शेपट्या आहेत की नाहीत, ही त्यांची लक्षणे होती. पाकळीच्या रंगाला त्यांत फारसे स्थान नव्हते. त्यांनी पाडलेल्या गटांपैकी व्हर्नोनियांचा आणि इन्युलांचा गट आजही टिकून आहेत, आणि सहदेवी पहिल्यात तर ब्लूमिया दुसऱ्यात बसते. सहदेवीच्या स्तबकातील सगळी पुष्पके द्विलिंगी आणि नळीसारखी असतात, कुक्षिवृंताच्या शाखा लांब, निमुळत्या व केसाळ असतात, आणि फळावरच्या केसांच्या गुच्छाला बाहेरून आखूड केसांचे आणखी एक वलय असते. ब्लूमियात बाहेरची असंख्य पुष्पके सुतासारखी बारीक व केवळ स्त्रीलिंगी, मधली मोजकी द्विलिंगी, परागकोशांना शेपट्या आणि गुच्छाचे वलय एकच. हातभिंग असेल तर हा निवाडा बांधावर उभे राहूनही करता येतो. अट एवढीच की स्तबक उभा चिरून पाहिला पाहिजे, आणि नेमके तेच बहुतेक हौशी निरीक्षक करत नाहीत. छायाचित्रात तर ते दिसतच नाही.

कासिनींच्या कामाची खानदेशाशी आणखी एक गाठ आहे. आपल्या शेतांत उगवणाऱ्या पाथरीची लॉनिया आणि सातपुड्याच्या उतारांवर पेरल्या जाणाऱ्या कारळ्याची गायझोशिया, या दोन्ही प्रजाती त्यांनीच स्थापिल्या. कारळ्याचे पिवळे शेत पाहून त्याला सोनकी म्हणणारे पर्यटक आता पुष्कळ झाले आहेत. कारळ्याची पाने बहुधा समोरासमोर असतात आणि फळावर केसांचा गुच्छ नसतो. सह्याद्रीच्या सोनकीची पाने एकाआड एक आणि गुच्छ पांढरा, मऊ असतो. त्यामुळे येथे गल्लतीला सबब उरत नाही.

पुढचा प्रवास नावांच्या बदलांचा आहे. लेसिंगने १८२९ मध्ये सहदेवीला व्हर्नोनिया या प्रजातीत नेले, तर दि कान्डोलने १८३३ मध्ये ब्लूमिया ही प्रजाती उभी केली आणि तिला वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लुडविग ब्लूम यांचे नाव दिले. गंमत अशी की १९९० साली हॅरोल्ड रॉबिन्सन यांनी सहदेवीला व्हर्नोनियातून बाहेर काढले तेव्हा तिच्यासाठी सायअँथिलियम ही प्रजाती पुनरुज्जीवित केली, आणि ती १८२६ साली याच ब्लूम यांनी वर्णिलेली होती. ज्या कोनायझातून हे सारे निघाले, तिलाही आता अनेक अभ्यासक एरिजेरॉन या दुसऱ्या प्रजातीत विलीन करतात.

ब्लूमियाच्या आतील भांडण मात्र अधिक चिवट ठरले. या वनस्पती ओल, सावली आणि चराई यांनुसार इतक्या बदलतात की कोरड्या मुरमावरचे वीतभर रोप आणि पाटाच्या कडेचे कमरेएवढे रोप एकाच जातीचे असू शकते. एकोणिसाव्या शतकात अशा रूपांना वेगवेगळी नावे मिळत गेली. आबान रांदेरिया यांनी १९६० साली या प्रजातीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला आणि त्यातील अनेक नावे एकमेकांत मिळवली. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (१९०१ ते १९०८) जी ब्लूमिया वाइटियाना आहे, तीच आजची अ‍ॅक्झिलारिस. मधल्या काळात ती मॉलिस या नावानेही वावरली. म्हणून जुनी यादी वाचताना तीन नावांवरून तीन जाती मोजण्याचा मोह टाळावा लागतो.

इलाख्याच्या प्रारंभीच्या नोंदी, म्हणजे ग्रॅहम यांची १८३९ ची आणि डाल्झेल व गिब्सन यांची १८६१ ची, मुख्यतः मुंबई, कोकण आणि सह्याद्री यांच्यावर उभ्या होत्या. खानदेशाच्या स्वतंत्र वनस्पतिसूची त्यानंतर फार उशिरा आल्या: धुळे-नंदुरबारची २००३ मध्ये आणि जळगावची २००८ मध्ये. त्यामुळे येथील विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा कुक यांच्याच ओळखसारण्या, म्हणजे लक्षणांवरून जात ओळखण्याचे तक्ते, राहिल्या. त्या सारण्या आजही उपयोगी आहेत, कारण त्यांची लक्षणे कासिनींच्या परंपरेतली आहेत. नावे तेवढी नवी घालून घ्यावी लागतात. ब्लूमियाचा नमुना मात्र फुलांबरोबर पिकलेली फळेही आहेत असाच घ्यावा, कारण फळावरच्या कंगोऱ्यांशिवाय आणि पुष्पासनावरच्या (पुष्पके ज्यावर बसतात त्या तळावरच्या) केसांशिवाय जातीपर्यंत पोहोचता येत नाही.