प्राणी दत्तक घेतला म्हणजे नाव ठेवता येतं का? अर्ज करण्याआधी वाचा

प्राणिसंग्रहालयात नवा पाहुणा आला की अर्जांची रीघ लागते, आणि त्यातले बरेचसे परत येतात. कारण बहुतेक वेळा एकच. दत्तक योजना वेगळी आणि नामकरण वेगळं, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

दत्तक योजनेत तुम्ही ठरावीक मुदतीपुरता प्राण्याचा खर्च उचलता. त्याबद्दल प्रमाणपत्र मिळतं, बऱ्याच ठिकाणी तुमच्या नावाची पाटीही लागते. प्राणी घरी नेता येत नाही हे सांगायला नको (तरी विचारणारे असतात!). नाव ठेवण्याचा हक्कही त्यात येत नाही. योजनेच्या पत्रकात तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच.

फॉर्ममधला 'प्राण्याचे नाव' हा रकाना हमखास घात करतो. तिथे बिबट्या, नीलगाय, मोर असं लिहायचं असतं. लोक हौसेने 'शेरू' लिहून मोकळे होतात आणि अर्ज बाजूला पडतो. रकान्यात 'प्रजाती' छापायला काय हरकत होती, देव जाणे.

आधार, पॅन, फोटो हे नेहमीचंच. खरी अडचण येते ती मुलांच्या वाढदिवसाला. अर्ज मुलाच्या नावाने, चेक वडिलांचा, पॅन कुणाचाच नाही. त्यापेक्षा अर्जदार म्हणून पालकांचं नाव द्या आणि प्रमाणपत्रावर मुलाचं नाव छापता येईल का ते आधीच विचारा. मंडळ, शाळा किंवा सोसायटी अर्ज करणार असेल तर ठरावाची प्रत मागतात, आणि ती नेमकी कुणाकडेच नसते. बैठक घ्या, ठराव करा, मग खिडकीवर जा.

करसवलत गृहीत धरू नका. संस्थेला ती लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच संपला.

आता नावाचं. ते सुचवायचं तर प्रशासनाने जाहीर आवाहन करावं लागतं. एरवी दिलेलं पत्र फायलीत जातं. बाहेरून आलेला प्राणी आधी विलगीकरणात असतो, तेव्हा दर्शन नाही आणि बारसंही नाही. पिल्लं सुरुवातीच्या काळात दगावण्याची भीती असते, म्हणून त्यांचंही लांबतं. आवाहनाची मुदत संपली म्हणजे निकाल लागला, असंही नव्हे. मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्यांसाठी २०२२ मध्ये नावं मागवली. त्यातल्या 'ओबान' या चित्त्याचा 'पवन' झाल्याचं जाहीर झालं ते एप्रिल २०२३ मध्ये.

देवदेवता, ऐतिहासिक व्यक्ती, नेते यांची नावं टाळा. २०२४ मध्ये सिलिगुडीच्या सफारीतल्या 'अकबर' आणि 'सीता' या सिंहजोडीचं प्रकरण थेट कोलकाता उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून अधिकारी अशा नावांना हात लावायला धजावत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

हे नाव रोज हाकारणार तो प्राणीरक्षक. म्हणून दोन-तीन अक्षरी, शेजारच्या पिंजऱ्यातल्या नावाशी गल्लत न होणारं सुचवा. शेजारी 'राजा' असताना 'राणा' सुचवलं, तर खायला घालताना दोघेही दाराशी येतील. आजीच्या स्मृतीसाठी पाच अक्षरी नाव हवंच असेल, तर ते पाटीवर लिहून घ्या. तिथे सहसा कुणी हरकत घेत नाही.

शेवटचं, दत्तक मुदत बऱ्याच ठिकाणी पावतीच्या तारखेपासून मोजतात, पाटी लागल्याच्या नव्हे. नूतनीकरणाची आठवण कार्यालय करून देईलच असं नाही, तेव्हा पावतीचा फोटो काढून ठेवा.