पीएस ५ की एक्सबॉक्स सिरीज एक्स: हॉलमधल्या टीव्हीखाली काय ठेवावं?

टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, म्हणजे सोनीचं पीएस ५ किंवा मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, घ्यायचं ठरलं की पहिला वाद ग्राफिक्सवरून होतो, आणि तोच सगळ्यात फुकाचा. दोन्ही कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आले (भारतात पीएस ५ यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला), दोन्हींत चिप एएमडीची, दोन्ही फोर-के चित्रापर्यंत आणि १२० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला १२० चित्रं) जातात. सोफ्यावर बसून फरक ओळखून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. खरा फरक दिसतो तो गेम बंद झाल्यावर, घरातली बाकी मंडळी टीव्ही ताब्यात घेतात तेव्हा.

एक्सबॉक्सवाले डॉल्बी व्हिजनचं नाव घेतात. चित्रातला उजेड-अंधार दृश्यागणिक जुळवून घेणारा हा एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि रंग जास्त खुलवून दाखवणाऱ्या तंत्राचा प्रकार. एक्सबॉक्सवरच्या नेटफ्लिक्समध्ये तो मिळतो, पीएस ५ वर मात्र एचडीआर १० या साध्या प्रकारावरच भागवावं लागतं. गंमत अशी की सोनीचे स्वतःचे चांगले टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवतात, सोनीचाच कन्सोल ते पाठवत नाही! पण एवढ्यावरून दुकानाकडे धावू नका. एक्सबॉक्समध्ये फोर-के ब्लू-रे डिस्क घातली की डॉल्बी व्हिजन गायब. ते फक्त ॲप आणि गेमपुरतं. शिवाय टीव्ही डॉल्बी व्हिजनवाला असेल तर त्याच्यातल्याच नेटफ्लिक्स ॲपमध्ये ते बहुधा मिळतंच, मग मध्ये कन्सोल कशाला? आणि घरात सॅमसंगचा टीव्ही असेल तर हा वादच मिटला. सॅमसंग डॉल्बी व्हिजन घेतच नाही.

डिस्क हा जास्त कामाचा मुद्दा. ड्राइव्ह असलेली मॉडेलं दोन्हीकडे फोर-के ब्लू-रे आणि डीव्हीडी चालवतात. एक्सबॉक्सवर त्यासाठी आधी एक ॲप उतरवून घ्यावं लागतं. कपाटात भावगीतांच्या ऑडिओ सीडी पडून असतील तर त्या एक्सबॉक्सवर वाजतील, पीएस ५ त्यांना ओळखही दाखवत नाही. घोटाळा होतो तो नावांचा. सिरीज एस हे सिरीज एक्सचं नुसतं छोटं रूप नव्हे: त्यात ड्राइव्ह नाही आणि ताकदही कमी. खुद्द सिरीज एक्सचंही २०२४ पासून बिनड्राइव्हचं पांढरं मॉडेल आहे, त्याला नंतर ड्राइव्ह लावता येत नाही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या पीएस ५ च्या सडपातळ डिजिटल (बिनड्राइव्हच्या) मॉडेलला मात्र ड्राइव्ह नंतर विकत घेऊन बसवता येतो.

हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे सोनीचा मोठा नवा गेम साधारण पाच हजार रुपयांना पडतो. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर विकता येते, अदलाबदल करता येते. डाउनलोड केलेला गेम कोणाला विकणार? शिवाय एकेकाळी ‘हे गेम फक्त आमच्याकडेच’ म्हणून मिरवणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आणला. त्यामुळे गेमसाठी कन्सोल घेणाऱ्याला मी ड्राइव्हवालं पीएस ५ सांगेन. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या सबस्क्रिप्शनवर महिन्याला नवनवे गेम चाखायचे असतील, किंवा जुन्या एक्सबॉक्सच्या डिस्क घरात असतील, तर सिरीज एक्स. जुन्या पिढ्यांचे बरेच गेम ते चालवतं.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी रोज नडतात. पहिलं पीएस ५ उभं केलं तर ३९ सेंटीमीटर, टीव्ही युनिटच्या कप्प्यात सहसा आडवंच घालावं लागतं. सिरीज एक्स साधारण १५ बाय १५ बाय ३० चा चौकोनी खांब. गरम हवा त्याच्या डोक्यातून निघते, म्हणून वर मोकळी जागा हवी. त्याच्या कंट्रोलरला पेन्सिल सेल लागतात, पीएस ५ चा चार्ज होतो.

आणि पैसे मोजण्याआधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. फोर-के आणि १२० हर्ट्झ एकत्र हवं असेल तर एचडीएमआय २.१ चा पोर्ट लागतो. असे पोर्ट पुष्कळ टीव्हींना दोनच असतात, आणि त्यातला एक बऱ्याचदा ईआर्कचा (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा), म्हणजे साउंडबारने आधीच अडवलेला.