आरोग्य आणि रोजगार एकाच प्रकल्पात : परदेशी शाळांशी भागीदारीची पार्श्वभूमी

बोटीवर जायचे तर आधी मेडिकल पास व्हावे लागते, हे गोव्यातल्या तारवटी, म्हणजे खलाशांच्या, घरात कुणाला शिकवावे लागत नाही. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते आणि वय अठराच्या आत असेल तर एकच वर्ष. रंग ओळखण्याच्या चाचणीचा दाखला सहा वर्षे धरला जातो. रक्तदाब किंवा साखर हाताबाहेर गेली की कॉन्ट्रॅक्ट लांबणीवर पडते. आखातात नोकरीला जाणाऱ्यालाही व्हिसाआधी छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या चुकत नाहीत. प्रकृती आणि पगार यांचा हा हिशेब साष्टी-बार्देश तालुक्यांत घरोघरी ठाऊक असला, तरी शाळेच्या वेळापत्रकात मात्र आरोग्य पी.टी.च्या तासाला आणि रोजगार व्होकेशनलच्या वर्गाला, अशी वाटणी कायम राहिली. परदेशी शाळांबरोबरच्या प्रकल्पांत हे दोन्ही विषय एकाच मथळ्याखाली येतात. ते तसे का आले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

देशोदेशीच्या शाळा जोडण्याची पद्धतशीर सुरुवात युनेस्कोने १९५३ मध्ये केली, १५ देशांतल्या ३३ माध्यमिक शाळा घेऊन. महायुद्ध नुकतेच संपले होते, त्यामुळे विषय होता शांतता आणि परस्परांची ओळख. पत्रमैत्री, चित्रांची देवाणघेवाण, एकमेकांच्या सणांची माहिती एवढाच ऐवज. आरोग्य आत आले ते तीस-पस्तीस वर्षांनी, वेगळ्याच दाराने. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेने आरोग्य दवाखान्यात घडत नाही, माणूस जिथे राहतो, शिकतो आणि काम करतो तिथे घडते, असा विचार मांडला. त्यावरून १९९२ मध्ये युरोपात आरोग्यवर्धक शाळांचे जाळे उभे राहिले आणि १९९५ मध्ये संघटनेने शालेय आरोग्याचा जागतिक उपक्रम सुरू केला. कल्पना अशी की धडा एक आणि कॅन्टीन दुसरेच सांगत असेल, तर तो धडा वाया जातो. शाळेचे पाणी, शौचालय, मैदान, कॅन्टीन आणि शिक्षकांचे वागणे या सगळ्याचा एकत्र विचार व्हावा.

रोजगाराशी सांधा जुळला तो जीवनकौशल्यांच्या यादीतून. १९९३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य विभागाने शाळांसाठी दहा कौशल्ये सांगितली: निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, संवाद, माणसे जोडणे, स्वतःची जाणीव, समानुभूती, भावना हाताळणे, ताण हाताळणे. हेतू व्यसने, आत्महत्या आणि लैंगिक आजार टाळण्याचा होता. आता आपल्याकडच्या व्यावसायिक विषयांतला ‘रोजगारक्षमता कौशल्ये’ हा भाग उघडून पाहा. त्यात पाच घटक आहेत: संवाद, स्वव्यवस्थापन, माहिती तंत्रज्ञान, उद्योजकता आणि हरित कौशल्ये. स्वव्यवस्थापनाच्या धड्यात पहिल्या काही पानांतच ताण कसा हाताळावा ते येते. जुन्या यादीतला आरोग्याचा माल नोकरीच्या पेटीत भरला गेला आहे, आणि त्यात काही वाईट नाही. मात्र हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत हे ठाऊक नसलेली शाळा तोच ताणाचा धडा दोनदा शिकवते, एकदा समुपदेशकाकडून आणि एकदा व्होकेशनलच्या शिक्षकाकडून.

दुसरे कारण सरळ पैशाचे. युरोपीय संघाने १९९५ मध्ये कोमेनियस हा शालेय कार्यक्रम आणला, २००५ मध्ये शाळांना ऑनलाइन जोडणारे ईट्विनिंग, आणि २०१४ पासून सगळे इरॅस्मस प्लस या एका छत्राखाली गेले. मध्येच २००८ चे आर्थिक संकट आले. ग्रीस आणि स्पेनमध्ये २०१२-१३ च्या सुमारास काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून जास्त बेरोजगार होते. निधीच्या अर्जात रोजगारक्षमतेला वजन आले, आणि ‘निरोगी जीवनशैली’वर काम करणाऱ्या शाळांनी मथळ्यात ‘रोजगार’ हा दुसरा शब्द जोडायला सुरुवात केली. अशा प्रकल्पांची नावे इतकी लांबलचक का असतात, याचे अर्धे उत्तर अर्जाच्या रकान्यात आहे.

भारतातली शाळा ईट्विनिंगमध्ये थेट नोंद करू शकत नाही. ते दार युरोप आणि त्याच्या शेजारी देशांपुरतेच उघडे आहे. आपल्याकडे शाळा जोडल्या गेल्या त्या मुख्यतः ब्रिटिश कौन्सिलच्या आंतरराष्ट्रीय शाळा पुरस्कारामुळे आणि ‘कनेक्टिंग क्लासरूम्स’ या शाळा जोडणाऱ्या कार्यक्रमामुळे. गोव्याचा परदेशाशी शालेय संबंध त्याआधीचाही होता, पण तो बहुतेक देणगीचा. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंसेवकांनी परदेशात टाकून दिलेले संगणक आणून, लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घालून, गावच्या शाळांत बसवले. काम मोलाचे होते, पण त्यात एक देणारा आणि एक घेणारा होता. भागीदारीत दोघांनाही काही शिकायचे असते.

आणि शिकवण्यासारखे गोव्याकडे आहे. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने माध्यमिक शाळांत राबवलेल्या ‘शेप’ या आरोग्यवर्धक कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाला शाळेत बसवून आरोग्याचे काम चालते का, हे त्यात तपासले होते. तज्ज्ञांचा तुटवडा श्रीमंत देशांतही आहे, त्यामुळे हा अनुभव तिकडच्यांना ऐकायला हवा असतो.

प्रत्यक्षात चालणारा प्रकल्प लहान असतो. साखरेची नोंद हे त्यातले सर्वात सोपे काम. आठवीचा किंवा नववीचा एक वर्ग, चार आठवडे. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत काय खाल्ले याची नाव न घालता नोंद. दुसऱ्यात वेष्टनावरचे आकडे: १०० ग्रॅममागे साखर किती, पाकीट किती ग्रॅमचे, मग गुणाकार. साध्या कोला पेयात १०० मिलिलिटरमागे साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली साखर ठेवा म्हणते. दिवसाला २००० उष्मांक धरले तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत तो कोटा संपतो, हे मुलांना स्वतःच्या वहीत सापडले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यात बदल सुचवायचा, चौथ्यात त्याचा स्टॉल लावून खर्च-विक्रीचा हिशेब मांडायचा. आरोग्यातून रोजगार निघतो तो इथे: दर ठरवणे, उरलेल्या मालाचा तोटा धरणे, भागीदार शाळेला मुद्देसूद ईमेल लिहिणे, बैठकीचे इतिवृत्त ठेवणे.

पहिली अडचण पोदेराकडे, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडे, येते. त्याच्या उंड्यावर, म्हणजे गोल पावावर, वेष्टन नसते, म्हणून आकडाही नसतो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पाच उंडे एकत्र ठेवून सरासरी काढावी, नाहीतर भागीदार शाळेकडचा ब्रेड ग्रॅममध्ये आणि आपला नगावर, अशी तुलना होते आणि तक्ता फुकट जातो. दुसरी अडचण नोंदीची. शिक्षक वर्गात उभे असतील तर पहिल्या दिवसानंतर चिप्सचे पाकीट कागदावरून गायब होते. पेटीत चिठ्ठ्या टाकाव्यात. वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) मात्र या देवाणघेवाणीत अजिबात आणू नये. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यानुसार वेगळ्या तक्त्यावर वाचावा लागतो, आणि भर वर्गात वजन केलेले मूल प्रकल्पाच्या नव्हे तर चेष्टेच्या आठवणी घरी नेते.

दुपारच्या जेवणाचीही तुलना करता येते. पीएम पोषण या सरकारी शालेय जेवण योजनेच्या निकषाप्रमाणे प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. गोव्यात हे जेवण महिला स्वयंसाहाय्य गट पुरवतात, आणि त्यात पाव-भाजीचा वाटा मोठा. भाजीत वाटाणा, चणा किंवा मूग किती पडतो यावर प्रथिनांचे गणित ठरते. हे गणित मुलांनी गटातल्या बायांशी बोलून करावे, लांबून टीका करून नव्हे. कॅन्टीनसाठी २०२० चे केंद्राचे नियम आहेत: चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. फाटकासमोरच्या गाड्यापर्यंतचे अंतर टेपने मोजणे हा नववीच्या मुलांसाठी उत्तम गृहपाठ आहे.

वेळेचे गणित आधीच करावे. दीडला सुटणाऱ्या शाळेची शेवटची तासिका संपते तेव्हा लिस्बनमध्ये हिवाळ्यात सकाळचे आठ, उन्हाळ्यात नऊ वाजलेले असतात. म्हणजे पश्चिम युरोपशी थेट भेट फक्त शाळा सुटताना जमते. जपानशी उलट: इथले आठ म्हणजे तिथले साडेअकरा. सप्टेंबरात युरोपातली शाळा नुकती सुरू झालेली असते आणि आपल्याकडे चतुर्थीची सुट्टी पुढेमागे असते. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेने वर्गखोल्या अडतात. दिवाळी वगळून ऑक्टोबर ते डिसेंबरचा मध्य, आणि जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी एवढाच काळ खरोखर हाताशी राहतो. दहावीचा वर्ग यात घेतलाच तर पालक पहिल्याच सभेत नाराजी दाखवतात, आणि ती रास्त असते.

फोटो आणि व्हिडिओंसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, कारण दोन्हीकडचे कायदे वेगळे आहेत. भारताचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूल मानतो. युरोपात ऑनलाइन सेवांसाठी मूल स्वतः संमती देऊ शकते ते वय १३ ते १६ मध्ये कुठेही असते, देशागणिक. म्हणून कडक तो नियम दोघांनी पाळावा. गोव्याला स्वतःचा २००३ चा बाल कायदाही आहे, त्यामुळे पाहुणे येणार असतील तर मुलांना एकट्याने त्यांच्या हवाली करू नये.

सर्वात जास्त शाळा अडकतात त्या पैशात. परदेशी संस्थेने पाठवलेला निधी, आणि वस्तूसुद्धा, २०१० च्या विदेशी योगदान कायद्याखाली येतात. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना संस्थेच्या खात्यात रक्कम घेतली की प्रकरण वाढते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. गावच्या शाळेला हे झेपत नाही, आणि झेपवायची गरजही नसते. प्रत्येक शाळेने आपला खर्च आपल्या देशात करावा आणि करारपत्रात तसे एक वाक्य लिहून घ्यावे.