दिल्लीच्या नळांतून आलेली कावीळ

१९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. तो ओसरला तेव्हा नदीचा प्रवाह सरकला होता. शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नजफगड नाल्याचे पाणी नोव्हेंबरमध्ये वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत उलटे चढले आणि तिथून दिल्लीच्या नळांना गेले. पाणीखात्याने क्लोरीनची मात्रा वाढवली, त्यामुळे टायफॉइड आणि आमांशाची साथ टळली. पण डिसेंबर उजाडला तसे घरोघरी डोळे पिवळे पडलेले रुग्ण दिसू लागले. जानेवारी संपेपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज आहे. जिवाणूंना पुरलेले क्लोरीन, इतक्या घाणीसमोर, विषाणूला पुरले नव्हते.

त्या काळी काविळीचे दोनच प्रकार मानले जात. ब्रिटिश डॉक्टर मॅकॅलम यांनी १९४७ मध्ये त्यांना अ आणि ब अशी नावे सुचवली होती. अ अन्नपाण्यातून पसरणारी, ब रक्तातून. दिल्लीची साथ उघडच पाण्यातून आली होती, तेव्हा ती ‘अ’च्या खात्यात गेली. यात दोन गोष्टी खटकण्यासारख्या होत्या. आजारी पडले ते बहुतांशी तरुण आणि प्रौढ, लहान मुले कमी. आणि गर्भवती स्त्रिया इतरांपेक्षा कितीतरी जास्त दगावल्या. हे सगळे अहवालांत नोंदलेले होते. तरीही अ आणि ब ओळखणारी रक्तचाचणी हाताशी नसल्याने पंचवीस वर्षे ते कोडेच राहिले.

चाचण्यांची सुरुवात ‘ब’पासून झाली. अमेरिकेतले बारूक ब्लुमबर्ग काविळीच्या मागे नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो, ते पाहत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले, आणि पुढे ते ब विषाणूचे बाह्य आवरण असल्याचे उघड झाले. आपल्याकडे शस्त्रक्रियेआधी जी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ तपासणी करतात, तिचे नाव तिथून आले. ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक हिपॅटायटिस (यकृतदाह) दिन त्याच तारखेला असतो. १९७३ मध्ये अ विषाणूही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, आणि त्याची चाचणी तयार झाली.

आता जुनी रक्ते पुन्हा तपासता येणार होती, आणि इथे पुणे येते. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांसोबत दिल्ली, अहमदाबाद आणि खुद्द पुण्यातल्या साथींमधले जपून ठेवलेले नमुने तपासले. निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला: साथ अ ची नव्हती, ब चीही नव्हती. त्याच वर्षी काश्मीरमधल्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हेच मांडले. आजारी पडले ते बहुतांशी प्रौढ, ही खटकणारी गोष्टही याच्याशी जुळते. अ ची लागण भारतात बहुतेकांना बालपणीच, कित्येकदा नकळत, होऊन जात असे आणि प्रतिकारशक्ती जन्मभर टिके. प्रौढांमध्ये एवढी मोठी साथ अ ची असणे कठीणच होते. १९८३ मध्ये रशियाचे मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन हा विषाणू दाखवला. पुढे त्याला ई हे नाव मिळाले. ज्या कोणी ते दिल्लीचे नमुने फेकून न देता जपले, त्यांचे ऋण मला या सगळ्यात सर्वांत मोठे वाटते.

काविळीचे आणखी दोन विषाणू, क आणि ड, रक्तातूनच पसरणारे. ड विषाणू १९७७ मध्ये इटलीत मारिओ रिझेट्टो यांना सापडला. तो एकटा जगू शकत नाही, त्याला ब ची सोबत लागते. म्हणून ब ची लस दोन्हींपासून वाचवते. क १९८९ मध्ये ओळखला गेला. त्यावर लस अजून नाही, पण गोळ्यांच्या साधारण तीन महिन्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यासाठी आजार आधी कळायला हवा, आणि अडचण तिथेच आहे. ब आणि क वर्षानुवर्षे डोळे पिवळे न करता यकृत पोखरत राहतात.

गावोगावी ‘कावीळ उतरवणारे’ टिकून आहेत, त्याचे कारणही इथेच सापडते. अ आणि ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय गळ्यातल्या माळेला जाते. ज्या गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत ई झाला आहे, तिच्यासाठी अशा उपायांत गेलेला वेळ जीवघेणा असतो. अशा स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तिला थेट रुग्णालयातच न्यायला हवे.

ब च्या बाबतीत देशाने उशिरा का होईना, पावले उचलली. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आली, २०११ पर्यंत लस देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आली. जन्मल्यापासून २४ तासांत दिलेला पहिला डोस आईकडून बाळाकडे होणारी लागण रोखतो. तरी २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याने ब ची जीवघेणी साथ आली होती.

ई ची लस चीनने २०११ मध्ये मंजूर केली, आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. त्यामुळे इथे सगळी भिस्त पाण्यावर. पाणी दिवसातून तास-दोन तास येते, मग नळवाहिनीतला दाब उतरतो आणि शेजारून गेलेल्या गटाराचे पाणी फटींतून आत ओढले जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून ई चीच साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले.