‘बाबा’चं ‘मामा’ का होतं?

तोंडातली टाळू दुभंगलेलं मूल बोलू लागलं की बापाला ‘मामा’ म्हणतं. शेजारच्या कानडी घरात तसंच मूल ‘अप्पा’चं ‘अम्मा’ करतं. आमच्या खानापूर-बेळगावकडे दोन्ही ऐकायला मिळतं. लोक हसतात, बोबडं आहे म्हणून सोडून देतात. पण हा बोबडेपणा नव्हे.

‘ब’ आणि ‘म’, दोन्हींना ओठ सारखेच मिटावे लागतात. फरक पडतो तो मागे, घशाजवळ. ‘ब’ म्हणताना टाळूचा मऊ भाग वर उचलला जातो, नाकाची वाट बंद होते, तोंडात हवा कोंडते आणि ओठ उघडताच फुटते. ‘म’ला मात्र ती वाट उघडीच लागते. नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणून बघा, जवळजवळ ‘बाबा’ ऐकू येईल. या मुलांचं नेमकं उलटं होतं. हवा फटीतून नाकात निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो, ‘द’चा ‘न’.

अशी फट वरच्या ओठालाही असते. आपण त्याला ‘फाटलेला ओठ’ म्हणतो, पण तो फाटलेला नसतो, जुळायचा राहिलेला असतो. गर्भाचा चेहरा सुट्या फुगवट्यांनी बनतो. दोन बाजूंनी गालांकडचे पुढे येतात, वरून नाकाकडचा उतरतो, आणि चौथ्या ते सातव्या आठवड्यात ते एकमेकांना चिकटून वरचा ओठ तयार होतो. टाळूचं काम याहून अवघड. तिच्या दोन फळ्या आधी जिभेच्या दोन्ही अंगांना उभ्या लोंबत असतात. जीभ खाली सरकली की त्या वर उचलून आडव्या होतात आणि पुढून मागे सांधत जातात. हे साधारण नवव्या आठवड्यापर्यंत आटोपतं. पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येतंय तोवर निम्मं काम झालेलं असतं. त्यामुळे सातव्या महिन्यात ग्रहणाच्या वेळी सुनेने विळी हातात धरली, म्हणून आयुष्यभर तिला बोल लावणाऱ्या सासवांनी निदान महिने तरी मोजावेत. जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाला ही फट असते.

मामाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. आमच्या सीमाभागात मराठी घरात मामाची मुलगी करतात, कानडी घरात मामा-भाचीचंही लग्न लागतं. जवळच्या नात्यात लग्न झालं की या व्यंगाचा धोका वाढतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. फिटवरची काही औषधं, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान हीही कारणं आहेत. पण पुष्कळदा एका कारणाकडे बोट दाखवताच येत नाही.

बाळाची पहिली लढाई दुधाची. टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही, अंगावर पिता येत नाही. मग आईचं दूध काढून, बाळाला उभट धरून, वाटी-चमच्याने पाजायचं. आज्यांचं अडगळीत पडलेलं बोंडलंही (दूध पाजायची चोचीची वाटी) इथे कामाला येतं. वजन वाढलं तरच भूल देता येते. सर्जन ‘दहाचा नियम’ सांगतात: दहा आठवडे वय, दहा पौंड म्हणजे साडेचार किलो वजन, हिमोग्लोबिन दहा. ओठ बहुधा तीन ते सहा महिन्यांत शिवतात, टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान.

हे शिवायला परदेशातून पथकं जाण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सर्जन डोनाल्ड लाब यांनी १९६९ मध्ये ‘इंटरप्लास्ट’ ही संस्था सुरू केली. १९८२ मध्ये ‘ऑपरेशन स्माइल’ आली, ती फिलिपिन्समधल्या नागा शहरातल्या अनुभवातून. तिथे जितक्या मुलांचे ओठ शिवले, त्याहून कितीतरी जास्त मुलांना माघारी पाठवावं लागलं होतं. (विद्या तिकडूनच इकडे येते असं मात्र नाही. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या एका कारागिराने कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने उभं केलं, त्याची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि १८१४ मध्ये तिथले सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी तीच रीत वापरली.)

पथक आठ-पंधरा दिवसांत ओठ शिवून जातं, आणि ओठ शिवणं ही मोठीच गोष्ट आहे. पण टाळूला तेवढं पुरत नाही. कधी टाका सुटून भोक राहतं. टाळूचे स्नायू कानाची नळीही उघडतात; इथे ते नीट चालत नाहीत, म्हणून कानात पाणी साचून ऐकू कमी येतं. आठ-दहा वर्षांचं झालं की हिरडीत हाड भरावं लागतं. एवढ्या वर्षांसाठी विमानाने कोण येणार? १९९९ मध्ये निघालेल्या ‘स्माइल ट्रेन’ने म्हणूनच स्थानिक सर्जनना पैसा आणि प्रशिक्षण द्यायचं धोरण धरलं. आज आमच्याकडच्या बाळाला दोनेक तासांवर, धारवाडच्या एसडीएम रुग्णालयाच्या केंद्रात ही शस्त्रक्रिया मिळते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या व्यंगाची तपासणी आणि उपचार येतात.

तरी एक गाठ उरतेच. टाळू शिवली म्हणून मूल लगेच ‘बाबा’ म्हणत नाही. चुकीची सवय मोडावी लागते, महिनोन्‌महिने, घरच्या भाषेत. आणि वाचा-उपचार करणाऱ्या बाई कानडी, मूल जांबोटीच्या रानातलं मराठी, असं इथे सहज घडतं. साधी चाचणीसुद्धा भाषांतराने चालत नाही. नाकाखाली थंड आरसा धरून मुलाला असं वाक्य म्हणायला लावतात, ज्यात एकही नाकातला वर्ण नाही. आरसा धुरकटला की हवा गळते आहे. ‘बाबा, पपई कापा’ हे वाक्य चालेल. ‘बाबांनी पपई कापली’ चालणार नाही. ‘बांनी’पाशी आरशावर वाफ येणारच, आणि ती यायलाच हवी.