सातबाऱ्यावर न येणारे पक्षी

निफाडची थंडी म्हणजे थट्टा नव्हे. पारा पाच अंशांखाली जाणं तिथे कुणाला नवलाचं वाटत नाही. अशाच एका डिसेंबरातल्या सकाळी आम्ही चापडगावच्या मनोऱ्यावर कुडकुडत बसलो होतो. समोर नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात चक्रवाकांच्या जोड्या होत्या आणि पलीकडे चपट्या चोचीचे चमचे पक्षी चिखल ढवळत होते. भाच्याने दुर्बीण खाली ठेवली. “मावशी, आपण सुट्टीत गेलो होतो ना, ते पक्ष्यांचं पार्क विकलं म्हणे. मग तिथले ते मोठे मकाव पोपट इथेच आणून सोडले तर? पाणी आहे, झाडं आहेत, कुणी मारत पण नाही.”

वय वर्षं नऊ. पण अगदी हाच प्रश्न मला चाळिशीच्या माणसांनीही विचारलाय.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी कुणी आणले नाहीत. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, वर्षानुवर्षं गाळ साचला, दलदल झाली, आणि पक्षी आपापले यायला लागले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषणा झाली. चक्रवाकाला इथलं पटलं नाही, तर तो उडून दुसरा जलाशय गाठतो. पार्कातल्या मकावाला ही सोय नाही. त्याचं जेवण सकाळी वाटीतून येतं, आणि वाटी आणणारा माणूस पगारावर असतो.

मकावाला जंगल शिकावं लागतं. कोणतं फळ कधी पिकतं, कुठलं बी कडू, घार डोक्यावर आली तर काय करायचं, हे सगळं तो आईबापांकडून आणि थव्याकडून घेतो. पिंजऱ्यात जन्मलेल्याला ही शाळाच मिळालेली नसते. स्पिक्सच्या निळ्या मकावाची गोष्ट याच मुद्द्यावर येते, आणि तिच्यात मालकही बदललेला आहे. ब्राझीलच्या जंगलातला या जातीचा शेवटचा नर २००० साली दिसेनासा झाला. उरलेल्यांपैकी मोठा थवा कतारमध्ये एका शेखच्या खासगी संग्रहात होता. २०१४ मध्ये शेख वारले. पक्षी पुढे जर्मनीतल्या एका संस्थेकडे गेले. तिथून मार्च २०२० मध्ये ५२ पक्षी ब्राझीलला परतले, आणि जून २०२२ मध्ये पहिले आठ मोकळे झाले. तेही एकटे सोडले नाहीत. सोबत तिथल्याच दुसऱ्या जातीचे आठ मकाव दिले होते, वाटाडे म्हणून. एवढं करूनही २०२५ मध्ये त्यांच्यात चोच आणि पिसं झडवणारा सर्कोव्हायरस सापडला. ही तर मूळ गावी घरवापसी होती. अमेझॉनकडचा पक्षी निफाडच्या थंडीत सोडणं म्हणजे त्याला मारण्याचा सभ्य मार्ग आहे, आणि त्याच्या अंगावर एखादा विषाणू असेल तर इथल्या पोपटांनाही सोबत नेण्याचा.

मग पक्षी पार्कातच राहू द्यायचे. पण किती वर्षं? शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात कुकी नावाचा गुलाबी काकाकुवा होता. संग्रहालय १९३४ साली उघडलं तेव्हा तो तिथे होता, आणि २०१६ मध्ये वारला तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. मधल्या काळात किती संचालक आले-गेले असतील! मोठा मकाव नीट सांभाळला तर पन्नास-साठ वर्षं सहज काढतो. पार्क काढणारा मात्र बँकेचे हप्ते किती वर्षांचे, एवढाच हिशोब करतो. म्हणजे अशा पार्कातल्या बऱ्याच पक्ष्यांच्या नशिबी आयुष्यात एकदा तरी मालक बदलणं आहेच.

विक्रीच्या वेळी जमीन, इमारती, पिंजरे, तिकीटघर हे सगळं कागदावर येतं. पक्ष्यांची संख्याही येते. कीपरच्या डोक्यातलं मात्र कुठेच येत नाही.

टूकनचंच घ्या, तो भल्यामोठ्या चोचीचा. त्याच्या मूळ जंगलातल्या फळांत लोह कमी, म्हणून त्याचं शरीर मिळेल तेवढं लोह शोषून ठेवतं. पिंजऱ्यात साधा लोहयुक्त आहार मिळाला की ते यकृतात साचत जातं आणि पक्षी एके दिवशी मरून पडतो. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण आणखी वाढतं, म्हणून लिंबूवर्गीय फळं त्याला वर्ज्य. थोडक्यात, आपली द्राक्षं चालतात (फवारणी धुऊन), नागपूरची संत्री नाही. हे माहीत असलेला जुना कीपर ‘खर्च कमी करा’ म्हणून काढला, आणि नव्या ठेकेदाराने सगळ्यांना सरसकट एकच फळांची थाळी लावली, तर काय होईल ते सांगायला नको.

किंवा कॅफे. नव्या मालकाला पहिल्यांदा कॅफेच सुचतो, तोही पिंजऱ्यांना लागून, म्हणजे फोटो छान येतात. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, बहुतेक जातींत नऊ. त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते. उंचावर उडताना हे वरदान ठरतं. पण हीच रचना विषारी वायूही तितक्याच तत्परतेने रक्तात पोचवते. नॉनस्टिक तवा रिकामा तापून धुरकटला, तर माणसाला ठसका लागेल, कधी तापासारखं वाटेल. पोपट काही मिनिटांत मरू शकतो.

रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, आणखी वेगळं. हे पक्षी गर्दी असल्याशिवाय सहसा अंडी घालत नाहीत. लहान थवे असलेल्या काही प्राणिसंग्रहालयांनी तर आरसे लावून पाहिले, थवा मोठा भासावा म्हणून. आता पैशांसाठी अशा थव्याचे तीन भाग करून तीन ठिकाणी विकले, तर पक्षी जिवंत राहतील, फक्त पिल्लं होणार नाहीत. नोंदवहीत तोटा दिसायला वीस वर्षं लागतील.

पार्क हलवता येतं, नाही असं नाही. सिंगापूरचं जुरोंग बर्ड पार्क १९७१ साली सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. साडेतीन हजारांच्या आसपास पक्षी, सुमारे चारशे जाती, सगळे मंडाईच्या नव्या जागेत गेले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते लोकांसाठी उघडलं. पण तिथे मागे पैसा होता, पशुवैद्य होते, आणि मुख्य म्हणजे पक्ष्यांना ओळखणारी माणसं सोबत गेली. हलवण्यापूर्वी विलगीकरण हवंच. पोपटांचा ताप माणसालाही होतो. आणि बर्ड फ्लूला विसरायचं म्हटलं तरी आपल्या नाशिक विभागाला ते जमणार नाही, कारण देशातला पहिला उद्रेक २००६ साली नवापूरलाच झाला होता.

कायद्याने थोडा आधार दिलाय. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मकाव, आफ्रिकेचा करडा पोपट अशा आंतरराष्ट्रीय यादीतल्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी आता करावी लागते, हस्तांतर आणि जन्मही कळवावे लागतात. निदान पक्षी गुपचूप गायब होणं अवघड झालं. पण नोंदणीत संख्या असते, संत्रं द्यायचं की नाही हे नसतं.

म्हणून असं पार्क विकल्याची बातमी आली की मी विचारते, जुने कीपर ठेवले का? पशुवैद्य तोच आहे का? तिकिटं बंद असतानाच्या महिन्यांत दाण्याचे पैसे कोण देतंय? थंडीत दिवे लावायला जनरेटर आहे का?

भाच्याला मी यातलं अर्धंच सांगितलं. त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. त्या पार्कात खाकी शर्टातले एक काका शीळ घालायचे आणि पांढरा काकाकुवा तुरा उभारून जाळीपाशी यायचा. एक लांब सूर, मग दोन तुटक. “ते काका गेले असतील का गं?” त्याने विचारलं. ओझर फाटा येईपर्यंत तो गाडीत तीच शीळ घालत होता. तिसरा सूर त्याला काही केल्या जमत नव्हता.